कॉल सातचा, व्हॅन पावणेसातची

माझी एकूण तीन मुलं. थोरला मोठ्या कंपनीचा मालक आहे. कंपनी कशाची ते मला माहीत नाही, त्याला माहीत नाही आणि लेखकानंही अजून ठरवलेलं नाही. धाकटा रागावून घर सोडून गेलाय. टीआरपी घसरला की परत येतो. या दोघांना मी वाढवते, सकाळी सात ते रात्री आठ, महिन्याचे वीसेक दिवस, दिवसाच्या ठरलेल्या मानधनावर. तिसरी मुलगी. ती माझी स्वतःची, चौथीत शिकते. तिला सासूबाई वाढवतात, आणि मानधनाचा विषय त्यांच्यापुढं काढायची आमच्या घरात कुणाची टाप नाही.

मराठी दैनंदिन मालिकांमध्ये मी आई करते. एके काळी नायिकेची मैत्रीण करायचे, मग वहिनी झाले, आणि बाळंतपणानंतर परत कामाला आले ती थेट आई. मधल्या पायऱ्या आमच्या धंद्यात नसतात. पडद्यावरचा माझा थोरला मुलगा माझ्याहून सहाच वर्षांनी लहान आहे. सीनमध्ये तो माझे पाय धरतो, ब्रेकमध्ये गृहकर्जाचे हप्ते कसे फेडावेत यावर माझा सल्ला घेतो, आणि मॉलमध्ये भेटला तरी लांबून ‘माई!’ अशी हाक मारतो. तेव्हा आजूबाजूचे लोक त्याच्याकडं बघत नाहीत, माझ्याकडं बघून वयाचा हिशेब करतात.

माई हे माझ्या पात्राचं नाव. माईंचं आयुष्य मला फार आवडतं. त्या पहाटे उठतात तेव्हा काठपदराच्या साडीला इस्त्री असते, कानात कुड्या असतात आणि केस विंचरून झालेले असतात. गॅसचं बुकिंग, बँकेचं केवायसी, सोसायटीचा मेंटेनन्स यातलं काहीही आजवर त्यांच्या एकाही भागात आलेलं नाही. दिवसभरात तुळशीला पाणी घालणं, देवापुढं दिवा लावणं आणि दाराआड उभं राहून सुनेचं बोलणं ऐकणं एवढी तीन कामं. मुलाच्या कपाळाला हात लावला की त्याला ताप आहे की मन दुखावलंय हे त्यांना कळतं. एवढी फुरसत कुठून येते? तर माईंच्या घरी रोज साठ-सत्तर माणसं राबत असतात. फुलं आर्टवाले आणतात, भांडी सेटिंगची पोरं घासतात, साड्या ड्रेसदादा सांभाळतात, पाण्याचा ग्लास स्पॉटदादा हातात देतात, आणि माईंनी मुलाला काय समजवायचं ते दादरला बसलेला एक बिनलग्नाचा मुलगा लिहून पाठवतो. माझ्या घरी एक मावशी येतात. त्याही सोमवारी येत नाहीत.

आमच्या घरात रात्री दहानंतर सासूबाई सोडून सगळे माझ्या फोनकडं बघत बसलेले असतात, कारण उद्याचा कॉल अजून आलेला नसतो. शाळा फार सज्जन संस्था आहे. पालकसभा, सहल, वेशभूषा स्पर्धा, दातांची तपासणी, सगळ्याचं परिपत्रक पंधरा दिवस आधी. आमच्याकडं उद्याचं आज रात्री कळतं, कारण बँक नसते. बँक म्हणजे पुढं दाखवायला शूट करून ठेवलेले भाग. चांगल्या चाललेल्या मालिकेकडंही ते बोटांवर मोजण्याइतकेच असतात. गुरुवारी रेटिंग येतं, ते पडलं की लिहिलेलं बाजूला ठेवतात आणि नवा ट्रॅक सुरू होतो. माझा नवरा खऱ्या बँकेत आहे. दुसरा आणि चौथा शनिवार त्याला सुट्टी. ‘बँक इतकी रिकामी कशी ठेवतात?’ या विषयावर आमची जेवताना कैकदा चर्चा होते, आणि बरीच रंगल्यावर लक्षात येतं की दोघं आपापल्या बँकेबद्दल बोलतोय.

साडेदहा-अकराला मेसेज येतो. ‘ताई, उद्या कॉल ७, मेकअप रेडी ८. लव्ह यू.’ हे लव्ह यू पाठवणारा एडी, म्हणजे सहायक दिग्दर्शक, जेमतेम तेवीस वर्षांचा आहे. कॉल कळवला की सगळे त्याच्यावर डाफरतात, म्हणून तो आधीच प्रेम व्यक्त करून ठेवतो. सातचा कॉल म्हणजे मुलुंडहून सहाला निघायचं. लेकीची व्हॅन पावणेसातला. मधल्या पाऊण तासात आमच्या घरात काय होतं ते मी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, नुसतं ऐकलंय. त्याची एक हकिगत सासूबाई सांगतात, एक लेक सांगते, आणि नवरा ‘काही विशेष नाही’ म्हणतो.

आमचा सेट घोडबंदर रोडवर, गायमुखच्या पलीकडं. मालिकेत हे गाव कोल्हापूर जिल्ह्यात आहे. खिडकीतून जो डोंगर दिसतो त्याला मी रोज पन्हाळा समजून हात जोडते. तो येऊरचा आहे आणि त्यात बिबटे आहेत. जाताना वाट मोकळी असते, येताना घाटात ट्रेलर आडवा असतो. लेक मध्यंतरी हिरकणीची गोष्ट वाचत होती. रायगडाचे दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ, म्हणून हिरकणी रात्री कडा उतरून गेली. वाचून झाल्यावर तिनं पुस्तक मिटलं आणि विचारलं, “मग तू का येत नाहीस उतरून?”

“अगं, घाटाला दरवाजे नसतात. ट्रॅफिक असतं.”

“मग चालत ये. हिरकणी चालतच आली.”

महाराष्ट्रात हिरकणीचा मान मोठा. एसटीनं आपल्या निमआराम गाड्यांना तिचं नाव दिलं, बसस्थानकांवर तान्ह्या बाळांच्या आयांसाठी हिरकणी कक्ष निघाले. सेट नावाच्या ठिकाणी मात्र ती अजून पोचायची आहे. लेक तान्ही असताना मी एका मालिकेत काम करत होते. बंगला भाड्यानं घेतलेला, मेकअप रूम एक, त्यात आम्ही चौघी. दूध काढायची वेळ झाली की ड्रेसदादा आपल्या इस्त्रीच्या टेबलामागं दोन पैठण्या आडव्या दोरीवर टाकून आडोसा करायचे आणि स्वतः बाहेर पहाऱ्याला उभे राहायचे. कुणी आलंच तर ओरडायचे, “आत इस्त्री गरम आहे!” त्या दोन पैठण्यांतली एक पुढं माझ्या पडद्यावरच्या लग्नाच्या फ्लॅशबॅकमध्ये मला नेसायला दिली. नेसताना मला एकदम पान्हा आठवला. दिग्दर्शकाला वाटलं, नववधूचा भाव काय सुरेख आलाय.

बाळंतपणाची २६ आठवड्यांची पगारी रजा २०१७ पासून कायद्यात आहे. पण ती नोकरीतल्या बाईला. आम्ही दिवसावर काम करणारी माणसं. ज्या दिवशी चेहरा दिसला त्या दिवसाचे पैसे. बरं, ते पैसेसुद्धा बहुतेक ठिकाणी नव्वद दिवसांनी येतात. जूनमध्ये रडलेले सप्टेंबरात मिळतात. शाळेची फी जूनलाच असते. एकदा मी शाळेच्या ऑफिसात अगदी सरळ मनानं विचारलं, की मुलीनं जूनमध्ये शिकलेल्याचे पैसे सप्टेंबरात दिले तर चालतील का, आमच्यात तशी पद्धत आहे. क्लार्कबाईंनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, “माई, तुमचा थोरला एवढा कंपनीचा मालक ना?”

आता डब्याबद्दल. घरी लेकीचा डबा भरायला लागतो एक मिनिट. पोळी, भाजी, झाकण, रबर. मालिकेत मी थोरल्याला डबा देते तो सीन अडीच पानांचा असतो. आधी मास्टर. मग माझा क्लोज, मग त्याचा क्लोज, मग माझ्या खांद्यावरून तो आणि त्याच्या खांद्यावरून मी, मग नुसता डबा. मग जिन्यावर उभ्या असलेल्या धाकट्या सुनेचा लूक, कारण डबा तिनं द्यायचा होता. मग तिच्या लूकवर माझा लूक. दीड तास जातो. घरी एवढा वेळ लावला तर व्हॅन शाळेत जाऊन परत येईल. डब्यातली भाजी सकाळची असते, आणि सीन संध्याकाळपर्यंत लांबला तर तीच भाजी कंटिन्युटी म्हणून तशीच ठेवतात. तिची वाफ दिसावी म्हणून मागं एक पोरगा उदबत्ती धरून बसतो. ती भाजी कोणी खात नाही. एकदा सेटवरच्या मांजरानं हुंगून बघितली आणि जाऊन ते उन्हात बसलं. आणि याच डब्याखाली प्रेक्षक लिहितात, ‘आईच्या हातची चव!’

पण एकीनं पडद्यावर आई व्हायचं आणि दुसरीनं मागं राबायचं, ही रीत आमच्या धंद्यात पहिल्या दिवसापासून आहे. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये रोहिदास झाला होता तो दादासाहेब फाळक्यांचा मुलगा भालचंद्र. त्याची आई तारामती झाले होते अण्णा साळुंके, कारण सिनेमात काम करायला बाई मिळेना. साळुंके मुळात एका हॉटेलात स्वयंपाकाचं काम करत. आणि रोहिदासाची सख्खी आई? सरस्वतीबाई कॅमेऱ्याच्या मागं होत्या. अख्ख्या युनिटचा स्वयंपाक, कच्च्या फिल्मला भोकं पाडणं, फिल्म धुणं. म्हणजे स्वयंपाकी पडद्यावर आई, आणि आई पडद्यामागं स्वयंपाकाला. फाळक्यांच्या पुढच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये पहिल्यांदा बायका आल्या, त्याही मायलेकी. दुर्गाबाई कामत पार्वती, त्यांची मुलगी कमलाबाई मोहिनी. नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या दुर्गाबाई मुलीला सांभाळत नाटक कंपनीबरोबर फिरत होत्या. भारतीय पडद्यावरची पहिली अभिनेत्री ही कामावर लेकीला घेऊन आलेली आई होती, हे मी आमच्या सोसायटीच्या हळदीकुंकवाला मुद्दाम सांगते. तिथं एक काकू दरवर्षी म्हणतात, की शूटिंगला नेलेली मुलं बिघडतात. कमलाबाईंचे चिरंजीव चंद्रकांत गोखले आणि नातू विक्रम गोखले. काकू, असं बिघडलेलं चालेल मला.

मीही नेते लेकीला. मालिकेला नाही, नाटकाला. शनिवार-रविवार प्रयोग असतात. ती दीड-दोन वर्षांची असल्यापासून कपड्यांच्या पेटाऱ्यावर झोपलीय, मेकअप रूमच्या आरशात बघून दात घासलेत, मध्यंतरातल्या बटाटेवड्यांवर वाढलीय. कुठल्या नाट्यगृहाचा वडा कसा, हे तिला पाढ्यांपेक्षा चोख येतं. दौऱ्याच्या बसमध्ये मागच्या सीटवर लाइटवाले काका तिला गणित शिकवतात, त्यामुळं तिला डिमरचे आकडे आधी कळले, अपूर्णांक नंतर. नाटक तर तोंडपाठ. पार्ल्याच्या दीनानाथला एका प्रयोगात दुसऱ्या अंकाच्या शेवटी मी एक पॉज घेते, तो घेतला होता. चांगला लांब पॉज. नवऱ्यानं मला फसवलंय हे मला नुकतंच कळलेलं असतं. प्रेक्षागृहात टाचणी पडली तर ऐकू येईल. आणि विंगेतून खणखणीत आवाज आला, “आई, ‘मला सगळं कळलंय’ म्हण!”

हशा उसळला. माझा सहकलाकार मुरलेला गडी. तो विंगेकडं बघून म्हणाला, “तिलाही कळलंय म्हणजे आता लपवण्यात अर्थ नाही,” आणि टाळी घेऊन गेला. पुढच्या प्रयोगापासून मी पॉज निम्मा केला. तालमीत दिग्दर्शक तेच सांगत होता म्हणे.

घरीही ती अशीच सुचवत असते. मी रागावले की शांतपणे म्हणते, “आई, हा तुझा क्लोजअपचा आवाज आहे. साधं बोल.” एक गोष्ट दुसऱ्यांदा सांगितली की, “झालं, ओके आहे, रिटेक नको.” मागं एकदा माझ्या आईच्या आजारपणाच्या फोननंतर मला खरंच रडू आलं, तर कार्टीनं जवळ येऊन आधी माझ्या डोळ्यांचा वास घेतला. ग्लिसरीनचा वास नाही म्हटल्यावर मग मिठी मारली.

सेटवर आमच्या पदराआड लेपल माइक लावतात. तो एकदा लावला की पॅकअपपर्यंत आपण साउंडवाल्याच्या कानात राहायला जातो. एका दुपारी मास्टर झाला, क्लोजसाठी लाइट बदलत होते. मी देवघराच्या खोट्या भिंतीमागं जाऊन घरी फोन लावला. दुसऱ्या दिवशी लेकीचा इतिहासाचा पेपर. चौथीला शिवाजी महाराज. आणि वही गायब.

“दप्तरात बघितलीस?”

“आजीनं बघितलं.”

“मी तुला विचारतेय. तू बघितलीस का?”

“आई, तू शूटिंगला गेलीयेस ना? मग शूटिंग कर ना.”

त्यानंतर मी जे बोलले त्यात वही, दप्तर, मोबाइल, तिच्या वडिलांकडच्या सगळ्यांची वस्तू हरवण्याची परंपरा आणि महाराजांनी स्वराज्य उभं करताना एक कागदसुद्धा इकडचा तिकडं होऊ दिला नसेल, हा मुद्दा होता. सेट असल्यामुळं आवाज चढवायची सोय नव्हती. म्हणून सगळं दातओठ खात, अगदी हळू, एकेक शब्द सुटा करून बोलले. फोन ठेवला आणि बाहेर आले तर सेटवर सामसूम. लाइटवाले शिडीवर थांबलेले. स्पॉटदादा हातातला चहाचा ट्रे खाली ठेवायचे विसरलेले. मॉनिटरच्या स्पीकरवरून सगळं सगळ्यांनी ऐकलं होतं. साउंडवाल्या दादांनी हेडफोन काढून फार आस्थेनं विचारलं, “ताई, सापडली का हो वही?”

मॉनिटरमागून दिग्दर्शक आले. म्हणाले, “हे जे आत्ता लावलं होतंत ना, तेच द्या. थोरल्याला कंपनीच्या घोटाळ्याचा जाब विचारताय तिथं. शब्द लेखकाचे घ्या, सूर वहीचा.”

दिला. एका टेकमध्ये ओके. थोरला तर इतका घाबरला की त्याचं वाक्यच विसरला, आणि ते विसरणं अपराधी मनाचं म्हणून गाजलं. गुरुवारी रेटिंग चढलं, वाहिनीकडून निरोप आला की माईंची ती दबकी धार कायम ठेवा. तेव्हापासून मोठा सीन असला की एडी माझ्याजवळ येऊन अदबीनं विचारतो, “ताई, घरी एक फोन लावून येता का?”

वही सासूबाईंनी नेली होती. मागच्या पानावर दुधाचा हिशेब मांडलाय.

सासूबाई माझी मालिका बघत नाहीत. साडेसातला त्या दुसऱ्या वाहिनीवरची बघतात. मी एकदा आडून आडून विचारलं, तर म्हणाल्या, “तुझं काय होणार ते तू घरी येऊन सांगतेसच. तिकडचं कोण सांगणार?” बिनतोड. २०२१ च्या एप्रिलमध्ये राज्यात शूटिंग बंद झालं आणि मराठी मालिका रातोरात गोव्याला वगैरे हलल्या, तेव्हा मात्र त्या नियमानं मला बघायच्या. आम्ही एका रिसॉर्टात कोंडलेलो, बाहेर जायची बंदी, आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या वाड्याच्या मागं अचानक माड दिसायला लागलेले. लेक तेव्हा बालवाडीत. रात्री व्हिडिओ कॉल लावला की ती टीव्हीकडं बोट दाखवून म्हणायची, “आई आलीय की, आता फोन नको.” मे महिन्यात गोव्यातही बंदी आली आणि आम्ही घरी आलो. तिनं दार उघडलं, मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि आजीला हाक मारली, “टीव्हीतली आलीय.” यावर मी आजही फार बोलत नाही.

सेटवर आणखी एक आई असते, तिच्याबद्दल कुणी लिहीत नाही. माझा पडद्यावरचा नातू सहा वर्षांचा. बालकलाकारांसाठी नियम चांगले आहेत: दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांच्या वर विश्रांतीशिवाय नाही, आणि कमाईतला निदान वीस टक्के भाग मुलाच्या नावे बँकेत ठेवायचा. पाच तास झाले की घड्याळ लावल्यासारखा नातू सुटतो आणि मी मांडीवर उशी घेऊन तिलाच नातू समजून थोपटत बसते. सुट्ट्या क्लोजअपला नातू लागत नाही. त्याची खरी आई पोर्चमधल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेली असते. मांडीवर लॅपटॉप, कारण तिचं ऑफिस तिनं तिथंच मांडलंय. पायाशी पाण्याच्या दोन बाटल्या, एक नातवाची, एक धाकटीची. शेजारी धाकटी ‘ग गवताचा’ गिरवतेय. कानात इअरफोन, त्यात ऑफिसची मीटिंग. आतून ‘सायलेन्स!’ असा पुकारा झाला की ती मीटिंगमध्ये म्यूट होते, धाकटीच्या तोंडावर हात ठेवते आणि स्वतः श्वास धरते. कट झालं की तिन्ही सोडते. तिला या सगळ्याचे पैसे मिळत नाहीत आणि तिला तासांची मर्यादाही नाही. नियम बालकलाकाराला आहे, बालकलाकाराच्या आईला नाही.

मालिकेच्या प्रसिद्धीसाठी मुलाखती असतात. माझे पडद्यावरचे यजमान शेजारी बसलेले. त्यांना घरी दोन मुलं, धाकटा पहिलीत. त्यांना विचारतात, भूमिकेची तयारी कशी केलीत? मला विचारतात, मुलीला कोण सांभाळतं? हे इतक्यांदा झालं की आम्ही दोघांनी मागं एकदा ठरवून उत्तरांची अदलाबदल केली. त्यांना भूमिकेबद्दल विचारलं, तर ते म्हणाले, “माझ्या मुलांना माझी बायको आणि तिची आई सांभाळतात, म्हणून मी ही भूमिका करू शकतो.” मला मुलीबद्दल विचारलं, तर मी पात्राच्या अंतर्मनातल्या संघर्षावर चार वाक्यं बोलले. छापून आलं तेव्हा यजमानांचं उत्तर मथळ्यात होतं, किती हळवा बाप म्हणून. माझं उत्तर कापलं होतं. शेवटी एक चौकट होती: मुलीला सासूबाई सांभाळतात.

पालकसभा हा खरा पेच. मागच्या खेपेला सेटवरून तासाभराची सूट मिळाली, तशीच धावत गेले. केसात रंगवलेली पांढरी बट, रुपयाएवढं कुंकू, साडीला पिनांचा बंदोबस्त. वर्गशिक्षिका नव्या होत्या. म्हणाल्या, “या आजी, बसा. आई नाही आली का?” मी काही बोलायच्या आत लेकच म्हणाली, “हीच आई आहे. मेकअपमध्ये आजी होते.” मग बाईंनी ओळखलं. पुढची दहा मिनिटं धाकट्या सुनेला एवढं छळणं बरं नव्हे, यावर मला समज मिळाली. मागं बसलेल्या तीन आयांनीही दुजोरा दिला. गणितातल्या गुणांबद्दल बोलायचं राहून गेलं. लेक बाहेर येताना खुशीत होती.

आमच्या कामात रजा नसते, पण पात्राला रजा असते. ही युक्ती मला एका जुन्या जाणत्या अभिनेत्रीनं शिकवली. आपण सुट्टी मागायची नाही. लेखकाला गाठायचं आणि आपल्या पात्राच्या भक्तिभावाची आठवण करून द्यायची. मग लेकीचं स्नेहसंमेलन आलं की माई पंढरपूरला जातात. सहामाही परीक्षेत गाणगापूर. दिवाळीच्या सुट्टीत भावाकडं, तो फक्त फोनवर असतो आणि त्याचं काम एडी करतो. लेकीला कांजिण्या आल्या तेव्हा मात्र तीर्थयात्रा पुरण्यासारखी नव्हती. लेखक म्हणाला, “ताई, कोमा देऊ?”

मला आजवर मिळालेल्या भूमिकांत कोमाइतकी सोयीची दुसरी नाही. संवाद नाहीत, पाठांतर नाही. एका दिवसात आठवडाभराचा कोमा शूट होतो: पलंगावर मी, आणि उशाशी एकेक जण साडी-शर्ट बदलून येऊन रडून जातो. आदल्या रात्री कांजिण्यांपायी डोळ्याला डोळा नव्हता. गादी मऊ, एसी चालू, कपाळावर पट्टी, वर थोरला हुंदके देतोय. मी गाढ झोपले. सात-आठ सीन झाले असतील. मग साउंडवाल्या दादांनी हळूच खांद्याला हात लावला, “ताई, कोमात घोरू नका, ट्रॅक खराब होतोय.” त्या आठवड्यात मी घरी होते, लेकीला कडुलिंबाच्या पाण्यानं आंघोळ घालत होते, आणि टीव्हीवर माझ्या जिवासाठी मृत्युंजय जप चालू होता. समोरच्या बिल्डिंगमधल्या आजी सूप घेऊन आल्या. दार मीच उघडलं, तर म्हणाल्या, “बरं वाटतंय का आता? दिसतेस बाकी थकलेली.” सूप लेकीनं प्यायलं.

आता येत्या तिसऱ्या शनिवारी पुन्हा पालकसभा आहे. दुसरा किंवा चौथा असता तर नवरा गेला असता. मालिकेचे लेखक, दिग्दर्शक आणि वाहिनीच्या ज्या मॅडम हे वाचत असतील, त्यांना हात जोडून विनंती: त्या दिवशी माईंना कुठं तरी पाठवा. पंढरपूर झालं, गाणगापूर झालं, तुळजापूर अजून बाकी आहे. ते जमत नसेल तर कोमाही चालेल. फक्त काय ते रात्री नऊच्या आत कळवा. सासूबाई दहाला झोपतात.